सार गोड लागलं तो श्रावण

श्रावण आला की लोकांना काय काय आठवतं. झोके, मंगळागौर, नारळीभात. मला आठवते एक चव. आमसुलाच्या साराची, आणि तीही गोड. चिमूटभर गूळ न घालता गोड. परवाच बाहेर ऊन होतं आणि त्या उन्हातच पाऊस पडत होता. समोरच्या बिल्डिंगच्या ओल्या भिंतीवरून पिवळा पट्टा सरकत गेला, आणि माझ्या जिभेच्या पार मागे ती चव आली. मी उठून चूळ भरून आले. घरात सगळ्यांना वाटतं, मला सार आवडत नाही. आवडत नाही कसलं, जीव होता माझा सारावर!

गोष्ट नीट सांगते. मला गोष्ट नीट सांगता येत नाही असं आमच्याकडे म्हणतात, कारण मी मध्येच उठून नकला करायला लागते. कागदावर उठता येत नाही, तेव्हा निभावेल. आणि ज्यांच्यापासून ती लपवायची होती ते आता कुणीच उरलेले नाहीत.

नव्वदीची सुरुवात होती. मी लग्न होऊन नवीन पनवेलला आले होते. दोन खोल्या, एक गॅलरी. गॅलरीतून सुकापूरकडची भातखाचरं दिसायची आणि पावसात बेडकांचा असा गजर चालायचा की बोलणाऱ्याला आवाज चढवावा लागे. आमच्या घराला त्याची सवय होतीच. माझा नवरा सुधीर तळोज्याच्या एका कारखान्यात पाळीवर जायचा. घरात सासूबाई, सासरे आणि मी. त्या श्रावणात मला चौथा महिना लागला होता.

माझे सासरे, आबा, जन्मभर सरकारी ऑफिसात नकाशे काढत आलेले. निवृत्त झाल्यावर त्यांचे हात शिवशिवायला लागले. आधी त्यांनी सासूबाईंच्या फळीवरचे डबे उंचीप्रमाणे लावले. सासूबाईंनी ते पुन्हा आपल्या हिशेबाने लावले. हे युद्ध काही आठवडे चाललं. मग त्यांच्या ऑफिसातले गोव्याचे एक मित्र, फ्रान्सिसकाका, कायमचे गावी निघाले. त्यांच्या घरात चॅपेलच्या रंगीत खिडक्या दुरुस्त करायचं काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. पळस्प्याला गोव्याची बस पकडायच्या आधी ते दोन दिवस आमच्याकडे राहिले, आबांना शिकवलं, आणि जाताना एक लाकडी खोकं त्यांच्या हवाली केलं.

"तूच कर आता," ते म्हणाले. "माझा हात थरथरतो रे हल्ली. काच हातात घेतली की तीच मला हसते."

सगळे हसलो. बशीत चहा ओतताना तो खरंच सांडला होता, तेव्हाही हसलो.

खोक्यात काय नव्हतं! काच कापायची हिरकणी. शिशाच्या मऊ पट्ट्यांचं वेटोळं, दोन्ही कडांना खाच असलेल्या. त्या खाचेत काचेचा तुकडा बसवायचा. राळेचे खडे. तांब्याच्या डोक्याचं झाळायचं हत्यार. आणि जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, पट्ट्या जोडायच्या सोल्डरच्या वीतभर लांब, चपट्या, चांदीसारख्या कांड्या.

आबांनी जाहीर केलं: यंदा गणपतीच्या मखरात थर्माकोल नाही. गणपतीच्या मागे रंगीत काचेचं चित्र, त्याच्या मागे दिवा. आणि चित्र कसलं? मोर नाही, कमळ नाही. मिठागर! पनवेलच्या खाडीवरची ती चौकोनी वाफ्यांची नक्षी त्यांना नोकरीत असल्यापासून खुणावत होती. जुन्या पनवेलीत तेव्हा घरं पाडून बिल्डिंगा उभ्या राहत होत्या. आबा पिशवी घेऊन जायचे आणि पाडलेल्या खिडक्यांच्या निळ्या, हिरव्या, तांबड्या काचा घेऊन यायचे. सासूबाई दारातच म्हणायच्या, "आला भंगारवाला. कांदे-बटाटे विसरलाच असेल." विसरलेलेच असत.

शेजारच्या पाटीलकाकू मूळच्या गव्हाणच्या, त्यांच्या सासरची मिठागरं होती. त्या कागदावरचा नकाशा बघून गेल्या आणि कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "आबा, आमच्या मिठागराला अशी काली रेघ नाय हो. बांध मातीचा हाय."

"ती रेघ शिशाची आहे वहिनी. तिच्याशिवाय काच उभी राहत नाही."

"मंग तुमचा मीठ खाऊन मानूस मरंल," काकू म्हणाल्या, आणि आम्ही परत सगळे हसलो. किती हसायचो आम्ही!

त्या कामाचे आवाज मला अजून येतात. हिरकणी रॉकेलमध्ये बुडवून काचेवर ओढली की बारीक करकर व्हायची, दातांतून जाणारी. मग खालून टिचकी, आणि टक्! तुकडा सुटा. शिशाची पट्टी सरळ करायला ताणावी लागते. एक टोक आबा सांडशीत धरायचे आणि दुसरं सासूबाईंच्या हातात द्यायचे.

"ओढ."

"ओढतेय."

"अगं, ओढ म्हणजे ओढ! रस्सीखेच आहे असं समज."

"सोडून दिली ना, तर पालथे पडाल, असं समजा."

मी दिवाणावर पाय वर घेऊन बसून हे नाटक बघायची. पावसामुळे खिडक्या बंद. झाळायचं हत्यार स्वयंपाकघरातल्या गॅसवर तापायचं. राळेचा धूर कडवट, देवळातल्यासारखा, डोळ्यांत चुरचुरणारा. मध्येच ऊन पडलं की गॅलरीच्या दाराला टेकवलेल्या काचांतून रंग आत यायचे आणि एक तांबडा चौकोन नेमका माझ्या पोटावर येऊन बसायचा. मी सरकले तरी थोड्या वेळाने परत तिथेच. मला गंमत वाटायची. मी हाताने झाकायची, तर तो हातावर यायचा.

धुरावरून सासूबाई एकदा कडाडल्याच. "घरात पोटुशी पोरगी आहे! काय जाळताय हे?"

आबा कामात होते. मान वर न करता म्हणाले, "अगं, कथील तर आहे. कल्हईला लावतात तेच."

त्यांना विषय संपवायचा होता. विषय संपला. सासूबाईंनी ते डोक्यात ठेवून दिलं.

श्रावण सुरू होताना कॉलनीत कल्हईवाला आला. तेव्हा यायचे. गणपतीच्या आधी पितळी भांड्यांना कल्हई झालीच पाहिजे असा आमच्याकडे दंडक होता. सासूबाईंची पितळी पातेली त्यांच्या माहेरची, आंबट पदार्थ त्यांतच शिजायचे, कारण स्टीलला म्हणे चव नाही. कल्हईवाल्याने खाली शेडमध्ये भट्टी लावली, भात्याने निखारे फुलवले. पातेलं तापलं की नवसागराची पूड, पांढऱ्या धुराचा भपकारा, आणि कापसाचा बोळा गर्रकन फिरला की आतलं काळं-तपकिरी पोट चंद्रासारखं पांढरं! मी जिन्यात उभी राहून बघत होते. मग त्याने मान वर करून सासूबाईंना सांगितलं, "भाभीजी, रांगा खतम हो गया. बाकीचे बर्तन पुढच्या खेपेला."

"रांगा म्हणजे कथीलच ना? थांब," सासूबाई म्हणाल्या. वर गेल्या. खाली आल्या तेव्हा त्यांच्या हातात वर्तमानपत्राची पुडी होती.

कल्हईवाल्याने कांडी तापल्या पातेल्याला लावून पाहिली आणि त्याचे डोळे चमकले. "वा! लोण्यासारखं चाललंय!"

सासूबाईंनी माझ्याकडे विजयी वीरासारखं बघितलं. घरात पडून राहिलेली वस्तू सत्कारणी लागली, आणि नवऱ्याच्या पसाऱ्यातली एक गोष्ट तरी कमी झाली. त्या दिवसाएवढ्या खूश मी त्यांना फार थोड्या वेळा पाहिल्या.

त्यानंतर सार गोड लागायला लागलं.

पहिल्या दिवशी वाटलं, आमसुलंच यंदाची वेगळी. सुधीर म्हणाला, "आई, साखर घातलीस?" आई म्हणाल्या, "साखर? सारात? माझ्या हाताला चव आहे, ती आज कळली तुला?" मला तर डोहाळेच लागले. वाटीवर वाटी. ताकाची कढी गोड, चिंचेची आमटी गोडसर. पाटीलकाकू चाखून म्हणाल्या, "पोर नशीबवान हाय, सगला गोड लागतंय."

आणि घर हळूहळू आजारी पडत गेलं. इतकं हळू की कुणाच्या लक्षात येऊ नये. सुधीरच्या पोटात कळा यायच्या. त्याचा दोष कारखान्याच्या कँटीनवर गेला. सासूबाईंचे सांधे दुखायचे. तो दोष दमट हवेवर. माझं पोट पिरगळायचं, तोंड राखेच्या रंगाचं झालं, आणि ज्या मुलीला हसू आवरायचं नाही तिला दिवसभर कुणाशी बोलू नये असं वाटायचं. तो दोष पोटातल्या बाळावर. काकूंनी मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. मोहऱ्या तडतडल्या नाहीत. "लई जबर नजर हाय," काकू म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. बाहेर पाऊस होता, भाताची खाचरं होती, दुसरं कुणीही नव्हतं. मी वाटीतलं सार संपवलं.

गणपती तोंडावर आले होते. मिठागर जवळजवळ पुरं झालं होतं, एक कोपरा तेवढा राहिला होता. दुपारी जेवायला बसलो होतो. आबा पान वाढलेलं सोडून खोकं उपसत होते.

"माझी कांडी कुठे गेली?"

"कसली कांडी?" सासूबाई भात कालवत होत्या.

"सोल्डरची गं. शेवटची होती, पेपरात गुंडाळलेली."

"ती होय? ती कधीच कल्हईला दिली. त्याच्याकडचं कथील संपलं होतं. तुम्हीच नाही का म्हणालात, कल्हईला लावतात तेच म्हणून? बघा, आरशासारखी झाली भांडी."

आबा वळले. मी नाटकं पुष्कळ पाहिली आहेत, पण एका माणसाच्या चेहऱ्यावरून रक्त उतरताना इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. ते आधी पातेल्याकडे बघत होते. मग माझ्या हातातल्या वाटीकडे. वाटी ओठांना लागलेली होती. ते दोन ढांगांत आले आणि ज्या सासऱ्यांनी माझ्या पानाजवळून कधी पाणीसुद्धा उचललं नव्हतं, त्यांनी माझ्या हातातून वाटी काढून घेतली.

"पुरे, बाळ."

"अहो, पिऊ दे की तिला! तिला सारच तर जातंय," सासूबाई म्हणाल्या.

आबांच्या ओठांवर शब्द आलेले दिसत होते. मग त्यांनी ते गिळले आणि भलतंच काहीतरी म्हणाले.

"त्या पातेल्यात मी परवा शिसं वितळवलं होतं. सांगायचं राहिलं."

"काय?"

"पट्ट्यांचे तुकडे उरले होते. म्हटलं, वितळवून बघावं."

"माझ्या माहेरच्या पातेल्यात? शिसं? आणि कढईत?"

"कढईतही थोडं."

"आणि गंजात?"

"एकेका भांड्यात थोडं थोडं," आबा म्हणाले. इतकं वाईट खोटं मी त्याआधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही. मी दिवसभर घरात असायची, भांडी मीच विसळायची. मी तोंड उघडलं. आबांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी मिटलं.

पुढे जे झालं ते आमच्या मजल्याने ऐकलं, वरच्याने ऐकलं, आणि खालून कुणीतरी काय झालं म्हणून विचारायला आलं. आबांनी सगळी पितळी भांडी गॅलरीत नेली, हातोडी आणि मोठा खिळा घेतला, आणि एकेका पातेल्याच्या बुडाला भोक पाडलं. भंगारातून उचलून दुसरं कुणी त्यात शिजवू नये म्हणून. खिळा पितळेतून जाताना घंटेसारखा आवाज यायचा आणि मग एकदम बसका. सासूबाई दारात उभ्या होत्या. ओरडून ओरडून थांबल्या होत्या आणि आता नुसत्या रडत होत्या. प्रत्येक घावाला त्यांचे डोळे मिटत होते.

संध्याकाळी त्या देवळात गेल्यावर मी आबांना गाठलं.

"खोटं का बोललात?"

"त्या कांडीत अर्धं शिसं असतं," ते म्हणाले. "आंबटात उतरतं. ती गोडी त्याचीच." ते खाचरांकडे वळले. "सुधीरच्या आधी आम्हाला मुलगी होती, तुला माहीत आहे. पोटात असतानाच गेली. ही स्टुलावर चढून डबा काढायला गेली आणि पडली. डॉक्टर म्हणाले, त्याचा काही संबंध नाही. हिने अजून मानलेलं नाही. आता जर या बाळाला काही झालं..."

"माझ्या नावावर राहू दे," ते म्हणाले. "खोकं माझंच होतं. कथील आहे, हेही मीच म्हणालो होतो."

सुधीरला सांगायचं नाही हेही ठरलं. त्याच्या पोटात तीळ भिजत नसे, आईला तर तो झोपेतसुद्धा सगळं सांगायचा. बाळंतपणाच्या दवाखान्यात माझ्याबरोबर आबा आले. बायकांच्या रांगेत एकटे पुरुष, मांडीवर छत्री. डॉक्टरीणबाईंनी रक्त मुंबईला पाठवलं. उत्तर आल्यावर त्यांनी चष्मा काढून ठेवला.

"रक्तात शिसं आहे. किती बाळापर्यंत गेलं, हे मी सांगू शकत नाही. आता ते बंद झालंय, हे चांगलं. दूध घ्या, गोळ्या घ्या, वाट बघा."

"जन्मल्यावर कळेल?" आबांनी विचारलं.

"लगेच नाही. बोलायला लागलं की अंदाज येईल."

त्या वाक्यानंतर मला वाट बघण्याचा खरा अर्थ कळला. गणपती आले. मिठागर मखरात लावलं, एक कोपरा उघडा ठेवूनच. आबांनी त्या दिवसानंतर हत्यार गॅसवर ठेवलं नाही. मागचा दिवा लागला की वाफे निळे-गुलाबी पेटायचे आणि त्यांच्यामधल्या शिशाच्या रेघा आणखी काळ्या दिसायच्या. लोक म्हणायचे, वा! आणि सासूबाई प्रसाद हातावर ठेवत म्हणायच्या, "वा काय? या चित्रापायी माझ्या माहेरची भांडी फोडली ह्यांनी. खिळ्याने! माझ्या डोळ्यांदेखत!" दर पाहुण्यागणिक गोष्ट रंगत गेली. खिळ्याची सळई झाली, हातोडीचा घण झाला. आबा कोपऱ्यात उभे राहून पडदा पडल्यावर नट वाकतो तसे कमरेत वाकायचे. पाहुणे हसायचे. मीही हसायची, एक हात पोटावर ठेवून. आत बाळ हललं की वाटायचं, हे नीट हललं का? बाळं अशीच हलतात का?

सई माघात झाली. रडली, दूध प्यायली, वजनाने जरा कमी. घरात पेढे वाटले. मी आणि आबा पेढे खात एकमेकांकडे बघत होतो.

पहिलं वर्ष गेलं. ती बसली, उभी राहिली, चालली. बोलली नाही. आबा तिच्या पाठीमागे ताटं आपटायचे. ती लगेच वळून बघायची, म्हणजे कान ठीक. तिला पाणी हवं असलं की माठाकडे बोट दाखवायची. बरोबरीची मुलं "ये", "दे", "बाबा" म्हणायला लागली. आमची सई मोठ्या, शांत डोळ्यांनी त्यांच्या तोंडाकडे बघत बसायची. दुसरं वर्षही गेलं. काकूंनी मधात वेखंड उगाळून तिच्या जिभेला लावलं. सासूबाईंना तर काळजीच नव्हती. "आमच्याकडे उशिराच बोलतात. सुधीर किती उशिरा बोलला, विचारा त्याला!" त्या असं म्हणाल्या की मला त्यांचा हेवा वाटायचा आणि रागही यायचा. एकदा भांडी आवरताना माझ्या तोंडावर आलं होतं सगळं. आबा पाण्याच्या निमित्ताने आत आले, उगाच माठाचं झाकण वाजवून गेले. त्यांची दाढी त्या दोन वर्षांत पांढरी झाली होती. अजूनही घरात कुणी एखादा शब्द विसरलं, कुणाच्या हातून कप निसटला, की मी त्या माणसाकडे जरा जास्त वेळ बघते.

मग पुन्हा श्रावण आला. शेजारच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये पुण्याचं एक कुटुंब राहायला आलं होतं, त्यातल्या बाई ओळख करून घ्यायला आल्या. नवा श्रोता! सासूबाईंनी चहा ठेवला, पदर खोचला आणि स्टीलच्या पातेल्यापासून सुरुवात केली. हे का, तर ते गेलं म्हणून. ते कसं गेलं, तर ऐका. आबा गॅलरीत पेपर वाचत होते. सई जमिनीवर झाकणांशी खेळत होती. माहेर आलं, पितळ आलं, शिसं आलं. गोष्ट हातोडीपर्यंत पोचली. सासूबाईंनी तिथे नेहमीप्रमाणे श्वास घेतला, परिणामासाठी. ही विद्या मी त्यांच्याकडूनच घेतली. त्या शांततेत खालून एक जाडसर, ठाम आवाज आला.

"आबांनी भांडं फोल्लं."

पुण्याच्या बाई हसल्या. त्यांना काय माहीत? सासूबाई आधी दचकल्या, मग टाळ्या पिटत ओरडल्या, "ऐकलंत? ऐकलंत का हो? कार्टी बोलली! आणि बोलली तेही माझ्या बाजूनं!"

मी कपबशी खाली ठेवली. गॅलरीत पेपर खाली पडला. आबा आले, गुडघे दुखत असतानाही सईच्या समोर जमिनीवर बसले.

"कोणी फोडलं?"

"आबांनी."

"काय फोडलं?"

"भांडं."

"परत सांग गं. सगळं सांग."

"आबांनी भांडं फोल्लं!"

"बघा, कबूल करतायत!" सासूबाई पाहुण्या बाईंना म्हणाल्या. आबांनी डोळे पुसले नाहीत. हात जोडले, कमरेत वाकले, कपाळ जवळजवळ तिच्या झाकणांना टेकलं. दिवे लागेपर्यंत ते तिला तेच विचारत राहिले आणि ती बोट रोखून तेच सांगत राहिली; आणि दर वेळी आबा म्हणत होते, "हो गं माझे बाई, मीच. मीच फोडलं."